कांद्यासाठी घरीच मायकोरायझा वाढवला: सिन्नर तालुक्यातल्या सव्वा वर्षाच्या नोंदी

जमीन मध्यम काळी, दीड-दोन फुटांखाली मुरूम, सामू (पीएच) ८.१, चुनखडी बऱ्यापैकी. खरिपात बाजरी नाहीतर फ्लॉवर, रब्बीत कांदा. पाणी विहिरीचं, फेब्रुवारीनंतर ओढाताण. ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांनी आधी चुका वाचाव्यात, म्हणून त्याही तारखेसह लिहिल्या आहेत.

१२ एप्रिल २०२४

कांदा काढून झाला. या वर्षी दुकानातून व्हॅमची, म्हणजे मायकोरायझा या मुळांत राहणाऱ्या उपयोगी बुरशीची, ४ किलो पावडर आणली होती, १,१२० रुपयांची. अर्ध्या रानाला वापरली आणि फरक शून्य. मी पावडरीला दोष देत होतो. काल रात्री रोपलागणीच्या दिवशी काय-काय केलं ते वहीत ओळीने लिहून काढलं, तेव्हा चूक समोर आली. रोपांची मुळं आपण नेहमीप्रमाणे कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवली आणि त्याच ड्रममध्ये पावडर कालवली. बुरशीनाशकात बुरशी! शिवाय लागणीखाली डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत, भरपूर. मातीत स्फुरद मुबलक असेल तर झाड या बुरशीला मुळात जवळ येऊ देत नाही. पावडर चांगली होती की वाईट, हे आता कळायचा मार्ग नाही.

यंदा घरीच वाढवून बघायचं ठरवलं. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे गूळ-बेसनाच्या ड्रममध्ये ती तयार होणार नाही. ट्रायकोडर्मा वेगळी, ती शेणखतावरही वाढते. गावात दोन्हींना एकच समजतात, मीही समजायचो.

कांदाच का, तर कांद्याच्या मुळांना केसमुळं जवळजवळ नसतातच. स्फुरद मातीत जागचा हलत नाही. मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा संपला की मूळ उपाशी. बुरशीचे धागे त्या पट्ट्याच्या बाहेर काही सेंटिमीटर जातात, स्फुरद आणून देतात आणि बदल्यात पानांनी तयार केलेली साखर घेतात. या देवघेवीचा कांद्याइतका फायदा फार थोड्या पिकांना होतो.

१८ एप्रिल

वाळू तीन भाग आणि शेतातली माती एक भाग, असं मिश्रण करून खळ्यावर सहा इंच जाडीचा थर पसरला. वर घरात पडून असलेला प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरला. उन्हात तापवून माती निर्जंतुक करायची, म्हणजे पिशव्यांत आपण सोडू तीच बुरशी वाढेल आणि रोगट बुरश्या, सूत्रकृमी (मुळांना गाठी आणणारे बारीक जंत) कमी होतील.

२९ एप्रिल

अकरा दिवस वाया गेले. आज दुपारी दोन वाजता थर्मामीटर दोन इंच खाली खोचला, तर ४२ अंश. काळा कागद स्वतःच तापतो, खाली ऊन जाऊ देत नाही. कागद पारदर्शक हवा. दुसरी चूक अशी की मिश्रण कोरडं होतं. ओल असेल तर उष्णता खोल जाते आणि जंतू, तणांचं बी लवकर मरतं. आज पाणी मारून वाफसा आणला, २५ मायक्रॉनचा पांढरा पारदर्शक कागद अंथरला आणि कडा मातीने दाबल्या.

२ मे

त्याच जागी, त्याच वेळी ५१ अंश. आता पाच आठवडे कागद उचलायचा नाही.

८ जून

कागद काढला. एक पाऊस आधीच होऊन गेलाय, पण कागद फाटलेला नव्हता.

विरजणाची माती, म्हणजे पिशव्यांत बुरशी सुरू करून देणारी माती, कुठून घ्यायची यावर दोन दिवस घातले. वरच्या वावराचा पूर्वेचा बांध माझ्या आठवणीत कधी नांगरलेला नाही. हरळी, मारवेल, कडेला एक जुनं बोरीचं झाड. गवताचे ठोंब खणून ५ ते २० सेंटिमीटर खोलीची मुळांसकट माती घेतली, अंदाजे २५ किलो. कांद्याच्या रानातली माती मुद्दाम टाळली, कारण मूळकुज आणि सूत्रकृमी विरजणाबरोबर सगळ्या रोपवाटिकेत पसरले असते. गवताची मुळं धुऊन गाठी आहेत का ते भिंगातून पाहिलं. एका ठोंबाला शंका आली, तो टाकून दिला. हे पाहणं टाळू नका.

३० पिशव्या, बारा इंची. दोन तृतीयांश तापवलेलं मिश्रण, त्यावर विरजणाचा दोन बोटं जाडीचा थर, वर पुन्हा मिश्रण. पिशव्या विटांवर ठेवल्या, म्हणजे मुळं खाली जमिनीत जाणार नाहीत. घरचा जोंधळा आणि मका, औषध न लावलेलं बी, प्रत्येक पिशवीत मिसळून पाच-सहा दाणे. खत काहीही नाही.

५ जुलै

मक्याची पानं कडेने जांभळी पडली. स्फुरद कमी पडल्याची खूण. मला हेच हवं होतं, पण अण्णांना बघवेना. म्हणाले, "अरे, उपाशी का मारतोस त्याला? पेरलंय ना तू?" मी बाजारात गेलो असताना त्यांनी भिंतीकडच्या आठ पिशव्यांना मूठ-मूठ डीएपी घातलं. संध्याकाळी मोठ्या आनंदाने सांगितलं.

चूक माझी. काय करतोय हे त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. रात्री जेवताना सगळं समजावलं. त्या आठ पिशव्यांना लाल दोरा बांधला. फेकायच्या नाहीत, शेवटी तुलनेला उपयोगी पडतील.

२१ जुलै

लाल दोऱ्याचा मका छातीला लागलाय, हिरवागार. बाकीचा गुडघ्याच्या थोडा वर, फिकट. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या आठ पिशव्यांचं कौतुक करतो.

आज मुळं तपासायचा पहिला प्रयत्न केला. बुरशी मुळाच्या आत असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मूळ कॉस्टिक पोटॅशच्या (खताचं पोटॅश नव्हे) द्रावणात उकळून पारदर्शक करायचं आणि मग शाईने रंगवायचं. गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या सरांनी सुटीच्या दिवशी सूक्ष्मदर्शक वापरू द्यायचं कबूल केलं, म्हणून एवढं धाडस झालं.

आज सगळं बिघडलं. कॉस्टिक पोटॅश मी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कालवलं. फेस आला, पातेलं काळं पडलं, वाफ घशात गेली. असं कुणी करू नका. ॲल्युमिनियमशी त्याची जोरदार क्रिया होते आणि निघणारा वायू पेट घेणारा असतो. काच किंवा स्टील वापरा, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, पाण्यात पोटॅश थोडं-थोडं टाका, पोटॅशवर पाणी ओतू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. दुसऱ्यांदा स्टीलच्या भांड्यात केलं, पण पाऊण तास खदखदा उकळलं. मुळांचा लगदा झाला.

४ ऑगस्ट

आज जमलं. आमच्याकडे चाललेली रीत:

बारीक मुळं धुऊन १ सेंटिमीटरचे तुकडे केले. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅश. भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवलं, थेट आचेवर नाही. जोंधळ्याच्या मुळांना बारा-पंधरा मिनिटं लागली. नंतर चार वेळा धुतली. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाच टक्के फाउंटन पेनची शाई, त्यात तीन मिनिटं गरम. मग व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकलेल्या साध्या पाण्यात वीस मिनिटं, म्हणजे जास्तीची शाई निघून जाते. ही पद्धत १९९८ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात विषारी रंग लागत नाहीत, एवढ्यासाठीच आमच्यासारख्यांना ती परवडते. शाई मात्र कोणतीही चालत नाही. पहिल्या बाटलीचा रंग धुताना सगळा निघून गेला, दुसऱ्या शाईचा टिकला. दोन-तीन आणून बघा.

काचपट्टीवर तुकडा ठेवला, वर काच दाबली. शंभरपट मोठं करून बघितलं आणि थोडा वेळ बोलताच येईना. मुळाच्या पेशी काचेसारख्या स्वच्छ आणि त्यांच्यामधून निळे धागे लांबवर धावलेले. मधे-मधे अंड्यासारखे फुगे. चारशेपटीवर सरांनी एक पेशी दाखवली, तिच्या आत धागा फांद्या-फांद्यांनी पसरलेला, पानगळ झालेल्या झाडासारखा. देवघेव होते ती हीच जागा. हा फांद्यांचा पसारा थोडे दिवस टिकतो, मग मुळाची पेशी तो पचवून टाकते आणि शेजारच्या पेशीत नवा तयार होतो. इतकी वर्षं शेती केली, हे पायाखाली चाललंय याची कल्पनाच नव्हती.

२८ ऑगस्ट

आज मोजणी केली. साध्या पिशव्यांपैकी सहा आणि लाल दोऱ्याच्या तीन पिशव्यांमधून मुळं घेतली, प्रत्येक गटाचे ५० तुकडे. साध्यांत ३४ तुकड्यांमध्ये बुरशी. लाल दोऱ्याच्या पिशव्यांत ७. दिसायला सगळ्यात चांगली झाडं आतून जवळजवळ रिकामी. अण्णांना सूक्ष्मदर्शकातून दोन्ही दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. घरी येताना एवढंच विचारलं, "मग आपल्या वावरात इतकी वर्षं काय होत असेल?"

त्या प्रश्नामुळे पुढच्या सगळ्या कामाची दिशा बदलली, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१६ सप्टेंबर

पेरून शंभर दिवस झाले. पाणी तोडायचं. झाड सुकायला लागलं की बुरशी बीजाणू धरते, आणि बीजाणू जास्त तर विरजण जास्त टिकाऊ. पण पाणी मी तोडलं तरी पाऊस थांबेल तर ना. पिशव्या उघड्यावर आहेत.

२७ सप्टेंबर

आठवडाभर पाऊस. पिशव्या गोठ्यात हलवल्या, पण पाच पिशव्यांची खालची भोकं चिखलाने बुजली होती, आत पाणी साचून मुळं कुजली, वास मारतोय. त्या गेल्या. यापुढे पेरणी जानेवारीत करायची, म्हणजे काढणी कडक उन्हाळ्यात येईल. नाहीतर सुरुवातीपासून छपराखालीच ठेवायचं. पावसाळी पिकाच्या सवयीने जूनमध्ये पेरलं, ही माझी घाई.

१४ ऑक्टोबर

ताटं बुडाशी कापली, मुळांचा गड्डा काढून कोयत्याने बारीक केला, मातीसकट सावलीत पसरून वाळवला. ऊन द्यायचं नाही. उरलेल्या १७ पिशव्यांचं मिळून ११९ किलो विरजण मिळालं.

बीजाणू मोजायला ५० ग्रॅम माती बादलीत ढवळली, दहा-पंधरा सेकंद निवळू दिली, वरचं पाणी आधी चहाच्या गाळणीतून आणि मग स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून आणलेल्या सगळ्यात बारीक जाळीतून ओतलं. असं पाच वेळा. जाळीवर राहिलेला गाळ काचेच्या वाटीत घेऊन भिंगाखाली पाहिला. पिवळे, तपकिरी, काही दुधाळ पांढरे गोल मणी. १९० पर्यंत मोजले, नंतर डोळे थकले. फुटके आणि रिकामे त्यात धरले नाहीत. मिळालेल्यात किती जातींची बुरशी आहे हे ओळखणं माझ्या आवाक्यातलं नाही.

खर्च: पारदर्शक कागद ६५०, वाळू २,४००, पिशव्या ५४०, पोटॅश ३४०, शाई-व्हिनेगर १६०, जाळी १२०, काचपट्ट्या १५०. एकूण ४,३६० रुपये, म्हणजे किलोला ३६-३७ रुपये. तेरा पिशव्या गेल्या नसत्या तर एकवीसच्या आत बसलं असतं. घरच्या माणसांचा वेळ धरलेला नाही, आणि तो कमी नव्हता.

२ नोव्हेंबर

रोपवाटिका. बारा गादीवाफे, ३ मीटर बाय १.२ मीटर. सहा वाफ्यांत बियाच्या ओळीखाली वाफ्याला चार किलो विरजण, सहा साधे. बी एन-२-४-१ या कांद्याच्या जातीचं, घरचं. शेणखत जुनं, सगळ्यांना सारखं. बियाला थायरम-कार्बेन्डाझिम काही लावलं नाही, मर होईल ही धास्ती होती.

५ नोव्हेंबर

विरजणाचे वाफे पाटाच्या तोंडाशी आहेत आणि साधे त्यांच्या खाली. म्हणजे पहिल्या पाण्याबरोबर वरची माती वाहून खालच्या वाफ्यांत गेली. तुलना तिथेच बिघडली. बी उगवण्याआधी लक्षात आलं म्हणून बरं. खालचे सहाही वाफे मोडून पाटाच्या वरच्या अंगाला नवे केले आणि पुन्हा पेरले. तीन दिवसांचा फरक राहील. पाणी आधी साध्यांना, मगच विरजणाच्या वाफ्यांना. खुरप्यालाही हाच नियम.

२० डिसेंबर

रोपं ४८ आणि ४५ दिवसांची. मर दोन्हीकडे सारखीच, फार नाही. उंचीत फरक नाही. विरजणाच्या रोपांची मुळं मातीचा गोळा धरून येतात, झटकली तरी कण चिकटून राहतात.

कांद्याचं मूळ रंगवायला फार सोपं. पोटॅशमध्ये पाच-सहा मिनिटं पुरतात आणि आतलं सगळं स्वच्छ दिसतं. नवीन माणसाने सराव कांद्यावर करावा, जोंधळ्यावर नाही. विरजणाच्या रोपांत ५० पैकी २९ तुकडे, साध्यांत ९. साध्यांतही बुरशी आहेच. रान निर्जंतुक नाही, मातीत आपली-आपली असतेच.

२३ डिसेंबर

लागण. आठ गुंठे, आठ पट्टे, एक आड एक. मुळं फक्त साध्या पाण्यात बुडवली. लागणीला आलेल्या बायांमधल्या सगळ्यात जाणत्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, औषध नाही लावलं तर रोप बसंल का?" मी म्हटलं, "मावशी, यंदा बघू." त्यांनी विरजणाचे आणि साधे क्रेट शेवटपर्यंत वेगळे ठेवले, एकही चूक नाही. डीएपी सगळ्याच पट्ट्यांना निम्मं, २० ऐवजी १० किलो.

६ फेब्रुवारी २०२५

महिनाभर काही वेगळं दिसत नव्हतं. आज बांधावर उभं राहून पाहिलं तर उत्तरेच्या चार पट्ट्यांत फरक उघड आहे. विरजणाच्या पट्ट्यांत पात गडद आणि जाड, साध्यांत पातळ. दक्षिणेच्या चार पट्ट्यांत मात्र कोणते विरजणाचे आणि कोणते साधे, हे खुंट्या बघितल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.

तासभर विचार केला. माती एकच, पाणी एकच, रोप एकच. मग आठवलं. उत्तरेच्या चार गुंठ्यांत खरिपात फ्लॉवर होता, दक्षिणेला बाजरी.

फ्लॉवर, कोबी, मुळा, मोहरी हे सगळं एक कूळ, आणि हे कूळ या बुरशीला मुळात थारा देत नाही. पालक आणि बीटही तसेच. म्हणजे उत्तरेच्या तुकड्यात बुरशी तीन-साडेतीन महिने उपाशी राहिली होती. दक्षिणेला बाजरीने तिला तेवढाच काळ पोसलं, तिथे मी टाकलेल्या विरजणाची गरजच नव्हती. हे मी आखलेलं नव्हतं, रान योगायोगाने तसं वाटलं गेलं. पण वर्षभरात शिकलेलं सगळ्यात कामाचं हेच आहे. विरजण टाकायच्या आधी तिथे मागचं पीक काय होतं ते बघा. बाजरी, मका, जोंधळा, तूर, हरभरा, चवळी असेल तर पैसे घालवू नका.

८ फेब्रुवारी

खात्री करायला दोन्हीकडच्या साध्या पट्ट्यांतली मुळं रंगवली. फ्लॉवरनंतरच्या साध्या पट्ट्यात ५० पैकी ११, बाजरीनंतरच्या साध्या पट्ट्यात ३१.

२७ फेब्रुवारी

फुलकिडे आणि करपा. फवारण्या केल्या, सगळ्या पट्ट्यांना सारख्या. करप्यावर विरजणाचा काही परिणाम दिसला नाही. तसा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका, निदान माझ्या वावरात तरी तसं झालेलं नाही.

११ एप्रिल

काढणी. प्रत्येक पट्ट्यात दोन ठिकाणी ४ चौरस मीटरची चौकट टाकून कांदा मोजला, पात कापून. म्हणजे प्रत्येक प्रकाराच्या चार चौकटी. त्यांची सरासरी:

फ्लॉवरनंतर, साधा: ८.१ किलो.
फ्लॉवरनंतर, विरजण: ९.८ किलो.
बाजरीनंतर, साधा: १०.३ किलो.
बाजरीनंतर, विरजण: १०.५ किलो.

चौकटी कमी आणि हंगाम एकच, तेव्हा खालच्या दोन ओळींतला फरक मी फरक धरत नाही. वरच्या दोन ओळींतला धरतो, कारण चारही चौकटींत तो एकाच बाजूला होता. आणि दुसरी ओळ तिसरीपर्यंत पोहोचली नाही हेही नोंदवून ठेवतो. विरजण टाकूनही फ्लॉवरनंतरचा कांदा बाजरीनंतरच्या नुसत्या कांद्याइतका झाला नाही.

१५ मे

अण्णांच्या प्रश्नाकडे वळलो. इतकी वर्षं मातीत काय झालं हे बघायला सेंद्रिय कर्ब मोजला, म्हणजे कुजलेल्या मुळा-पाचोळ्यातून मातीत राहणारा कार्बन.

गेल्या वर्षी मेमध्ये घेतलेल्या नमुन्यात ०.७१ टक्के आला होता आणि मी खूश होतो. तो नमुना शेणखत पसरल्यानंतर वरवर घेतलेला होता, म्हणजे कर्ब शेणखताचाच मोजला गेला. जूनमध्ये रीतसर दिलेला दुसरा नमुना ०.४६ निघाला. यंदा रीत पाळली. वरचा काडीकचरा बाजूला, १५ सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा, कडेची माती, दहा ठिकाणची एकत्र करून चार भाग पाडत-पाडत अर्धा किलो. आजचे आकडे: बाजरीकडचं रान ०.४७, फ्लॉवरकडचं ०.४५, न नांगरलेला बांध ०.९४.

विरजणाने एका वर्षात कर्ब वाढला का? नाही. इतकी छोटी वाढ या तपासणीत दिसतही नाही. "व्हॅम टाका, कर्ब वाढवा" असं छापलेलं वाचलं की मला आता राग येतो.

पण बांधाचा आकडा बघा. लोखंडी पाइपचा तुकडा ठोकून दोन्हीकडच्या मातीची घनता काढली, रानात १.३ आणि बांधावर १.२. त्यावरून हिशेब केला तर वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये रानात एकरी साधारण साडेतीन टन कर्ब आणि बांधावर पावणेसात ते सात टन. मूळ माती एकच. एकरामागे तीन टनांहून जास्त कर्ब आमच्या घराण्याने नांगरून हवेत सोडला, असा मी याचा अर्थ लावतो. सगळा काही बुरशीचा नव्हता, गवताच्या मुळांचा आणि पालापाचोळ्याचाही होता. तरी ती मुळं आणि ते धागे एकमेकांना धरूनच राहतात.

जगभरातली झाडं मुळांवरच्या अशा सगळ्या प्रकारच्या बुरश्यांना दरवर्षी किती कर्ब देतात याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला: सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे कोळसा-तेलाच्या एका वर्षाच्या उत्सर्जनाच्या साधारण ३६ टक्के. हा जमिनीत *जाणारा* कर्ब. त्यातला किती *राहतो* हे वेगळं, आणि ते बरंचसं रोटाव्हेटर धरणाऱ्याच्या हातात आहे.

१८ मे

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी. बांधावरचं एक आणि रानातलं एक, लिंबाएवढं वाळलेलं ढेकूळ. दोन काचेचे ग्लास पाण्याने भरून तोंडाशी जाळी, जाळीवर ढेकूळ पाण्यात बुडेल असं ठेवायचं. रानातलं दोन मिनिटांत विरघळून तळाला गाळ झालं. बांधावरचं अर्ध्या तासानंतरही शाबूत, पाणी जवळजवळ नितळ. बुरशीचे धागे कणांना जाळ्यासारखे बांधतात आणि चिकट द्रव्यं ती बांधणी पक्की करतात. त्या ढेकळाच्या पोटात अडकलेला कर्ब जंतूंना सहज खाता येत नाही. ढेकूळ फुटलं की त्यांना वाट मोकळी. पोरगा म्हणाला, "बाबा, ही तर बांधाची माती शिजलेल्या भातासारखी आणि आपली पिठासारखी."

२ जून

यंदा काय बदललं ते:

उन्हाळ्यात रोटाव्हेटर दोनदा फिरवायचो, यंदा एकदाही नाही. लागणीआधी फक्त सरी पाडणार. तण वाढेल, खुरपणीचा खर्च वाढेल, ते धरून चाललोय.

फ्लॉवर आणि कांदा पाठोपाठ घ्यायचे नाहीत. फ्लॉवर घ्यायचाच झाला, तर ओळींमध्ये चवळी. आईला वाटतं फ्लॉवरचा पैसा कमी होईल. होईलही. चार गुंठ्यांवरच करून बघतोय.

डीएपी निम्म्यावरच ठेवणार. आठ गुंठ्यांत दहा किलो, म्हणजे २७० रुपये वाचले. रक्कम छोटी आहे, पण त्यासाठी काही गमवावं लागलं नाही.

विरजणातलं २४ किलो वापरलं, ९५ उरलं. उन्हाळ्यात चार किलो पत्र्याच्या शेडमध्ये राहून गेलं होतं. ते आणि घरात माठाशेजारी सावलीत ठेवलेलं, दोन्ही कुंड्यांत घालून त्यात जोंधळा लावलाय.

५ जुलै

कुंड्यांमधली मुळं रंगवली. माठाशेजारच्या विरजणाची २५ पैकी १७ तुकड्यांत बुरशी. शेडमधल्याची ३. चार किलो फुकट गेलं. विरजण थंड सावलीत, कापडी पिशवीत ठेवा आणि वर्षाच्या आत वापरा.

शेजारच्या तात्यांनी कोबीच्या रानात डाळिंबाची कलमं लावायची ठरवली आहेत, त्यांना दहा किलो दिलं. खड्ड्यात मुळाला लागून टाका, खाली सुपर फॉस्फेट घालू नका आणि सहा कलमं विरजणाशिवाय लावून खुंटी ठोका, असं सांगितलं. खुंटीचं त्यांना पटत नव्हतं, "सगळ्यांनाच टाकतो की" म्हणाले. खुंट्या मीच ठोकून आलो.

रानातल्या आणि बांधावरच्या नमुन्यांच्या जागी पाइपचे तुकडे गाडले आहेत, पुढच्या मेमध्ये माती त्याच ठिकाणची घेता यावी म्हणून.